ज्वारीचे पोते चंद्रावर नेले तर?

वाचकहो, २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपले चांद्रयान चंद्रावर उतरले, तेव्हा घरोघरी पोरांनी एक प्रश्न विचारला असेल: चंद्रावर माणसाचे वजन कमी होते म्हणतात, मग तो वाळतो की काय? प्रश्न वेडगळ वाटला तरी तसा नाही. मोठ्यांनाही त्याचे उत्तर चटकन देता येत नाही.

ज्वारीचे पन्नास किलोचे पोते घ्या. ते उचलताना कंबरेला जो ताण बसतो, तो पृथ्वीच्या ओढीचा. ही ओढ म्हणजेच वजन. चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. तेच पोते तिथे ताणकाट्याला लटकवले, तर काटा आठ किलोच्या थोडा पुढे जाऊन थांबेल. मग बाकीची ज्वारी गेली कुठे? कुठेही नाही. पोत्यात दाणे तेवढेच आणि भाकरीही तेवढ्याच होतील.

आता गंमत पाहा. तेच पोते जुन्या तागडीत घालून दुसऱ्या पारड्यात मापे ठेवली, तर चंद्रावरही बरोबर पन्नास किलोच भरेल. कारण मापेही तितकीच हलकी झालेली असतात! तागडी ओढ मोजत नाही, मालाशी माल ताडून पाहते. ताणकाटा मात्र फक्त ओढ सांगतो.

बाजारातला इलेक्ट्रॉनिक काटाही ताणकाट्याच्याच जातीचा. त्याला दाब कळतो, आकडा तो किलोत दाखवतो. पृथ्वीवरही ओढ सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्तावर जुळवलेला काटा ध्रुवावर नेला, तर क्विंटलमागे सुमारे अर्धा किलो जास्त दाखवील. म्हणून असा काटा जिथे वापरायचा तिथेच शिक्क्याची वजने ठेवून जुळवावा लागतो. मापात मारणारी पृथ्वी नसते, माणूस असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण माल घालण्याआधी मापाड्याला वीस किलोचे शिक्क्याचे वजन काट्यावर ठेवून दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

असो. माणसाकडे वळू. साठ किलोचा माणूस चंद्रावर दहा किलोचा भरेल. हमाल एकावर एक पोती उचलील, पण धावत्या गाडीवरून पोते अंगावर आले, तर धक्का इथल्याइतकाच बसेल. पोते हलके झाले तरी त्यातला ऐवज तोच. १९७२ साली अपोलो १६ मधले चार्ल्स ड्यूक चंद्रावर उंच उडी मारायला गेले. पाठीवर श्वासाच्या हवेचे यंत्र होते, त्याचा भार मागे ओढला गेला आणि ते पाठीवरच पडले. यंत्र फुटले असते तर जिवावर बेतले असते. सुदैवाने काही झाले नाही.

मंगळावर आणि बुधावर हाच साठ किलोचा माणूस तेवीसच्या आसपास भरेल, शुक्रावर चोपन्न. शनीवर जवळजवळ इथल्याइतकाच. गुरूची गोष्ट निराळी. त्याच्यात तीनशे अठरा पृथ्व्यांइतका ऐवज आहे, तेव्हा माणूस तिथे चिरडूनच जाईल असे वाटते. पण गुरू रुंदीलाही पृथ्वीच्या अकरा पट आहे. पृष्ठभाग मध्यापासून जितका दूर, तितकी ओढ ढिली पडते, आणि ती भराभर ढिली पडते: अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाई. त्यामुळे तीनशे पट सोडाच, वजन अडीच पटच होते. म्हणजे साठाचे दीडशे. घरातली म्हातारी माणसे खाटेवरून उठू शकणार नाहीत, धडधाकट गडीही चार पावलांत बसेल.

अर्थात हा सगळा हिशेब कागदावरचा. गुरू म्हणजे वायूचा गोळा, त्याला पाय टेकायला भुई नाही. तेव्हा काटा मांडायचा कशावर, हा प्रश्न उरतोच.