अम्मीच्या बोलण्याला तळटीप कशाला?

कादंबरीचा दुसरा खर्डा एका संपादकांना दाखवला. परत आला तेव्हा ‘फातिहा’, ‘इद्दत’, ‘दस्तरखान’ या शब्दांभोवती गोल होते आणि समासात शेरा: ‘वाचकांसाठी अर्थ द्या.’ मुंज, सवाष्ण, डोहाळजेवण यांचा अर्थ कुणी मागत नाही. मग हा वाचक नेमका कोण?

तरी मी ऐकलं. टिपा घातल्या आणि प्रकरण मोठ्यानं वाचलं, तर अम्मी बोलता बोलता गाइड झालेली! सगळ्या खोडल्या. बेवा झालेली खाला चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, हे प्रसंगात दिसलं की इद्दत कळते.

पण दोष त्यांचाच नाही. पात्र मुसलमान, म्हणून त्याच्या तोंडी सिनेमातली उर्दू घालायची खोड आपल्यालाही आहे. कोकणातला मुसलमान घरात कोकणी बोलतो, सोलापूरचा दखनी. हमीद दलवाईंनी १९६५ साली ‘इंधन’मध्ये कोकणातलं मुसलमान गाव मराठीत उभं केलं, साठ वर्षांनंतर आपण ‘जनाब’, ‘तशरीफ’वर अडलोय. तेव्हा पुनर्लेखनाला बसाल तर प्रत्येक संवाद घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. ते हसले, की ओळ काढा. माझी अशी अकरा पानं गेली.