बॅटरीला हवी चिवट खळ

चीनने १ डिसेंबर २०२३ पासून काही प्रकारच्या ग्रॅफाइटच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखानदारांचे धाबे दणाणले. बॅटरीच्या ऋणाग्रासाठी लागणाऱ्या ग्रॅफाइटपैकी ९० टक्क्यांहून अधिक माल तिथेच तयार होत होता. तेव्हा ‘सिलिकॉन वापरा’ हा जुनाच सल्ला नव्या जोराने पुढे आला. सल्ला वाजवी आहे. सिलिकॉन वाळूत मुबलक. शिवाय ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या ६ अणूंमागे लिथियमचा १ अणू मावतो, तर सिलिकॉनच्या ४ अणूंमागे तब्बल १५!

मग घोडे अडते कुठे? एवढे पाहुणे घरात शिरले की घर फुगणारच. चार्जिंग होताना सिलिकॉन जवळजवळ चौपट होते आणि वीज खर्चताना पुन्हा आक्रसते. (पावसाळ्यात दार जरासे फुगले तरी आपण सुतार गाठतो.) कण तडकतात, तांब्याच्या पत्र्यापासून सुटतात, प्रत्येक नव्या भेगेपाशी थोडे लिथियम कायमचे अडकते. बॅटरी लवकर म्हातारी होते.

हे कण धरून ठेवते ते पॉलिमरचे चिकटद्रव्य. पतंगाला लावतो ती खळच म्हणा ना! ग्रॅफाइटला वर्षानुवर्षे पुरलेली ‘पीव्हीडीएफ’ ही खळ इथे हार खाते. तिची पकड वरवरची, आणि फार ताणली की ती पूर्ववत होत नाही. २०११ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक आणि क्लेमसन येथील संशोधकांनी तपकिरी समुद्रशेवाळातले अल्जिनेट वापरून पाहिले. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे विषारी द्रावक लागत नाही; आणि सिलिकॉनच्या पृष्ठभागाला ते घट्ट धरते. २०१७ साली दक्षिण कोरियातील ‘कैस्ट’च्या संशोधकांनी रेणूंच्या साखळीवर सरकणारी कडी ओवली. ताण आला की कडी सरकते आणि कप्पीसारखा भार वाटला जातो. मला ही युक्ती फार देखणी वाटते. पण कारखान्यात टनावारी लागणार ती स्वस्त खळच.

म्हणूनच आपल्याकडे लिथियमच्या साठ्यांची जेवढी चर्चा होते, त्याच्या दशांशानेही या खळीची होत नाही, याचे मला नवल वाटते. आपण जिची भाजी करतो त्या गवारीच्या बियांचा डिंकही सिलिकॉनसाठी प्रयोगशाळेत वापरून झाला आहे. मोटारीत आठ-दहा वर्षे टिकणे ही परीक्षा अर्थात वेगळी. गवारीच्या उत्पादनात भारत जगात पहिला. त्यातली बहुतेक पिकते राजस्थानात. तिचा डिंक परदेशी जातो तो मुख्यतः तेलविहिरींसाठी.