काठापर्यंतची वाट

नर्मदा परिक्रमेबद्दल मराठी माणसाला नव्याने काही सांगायला नको. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंट्यांच्या 'नर्मदे हर हर'पर्यंत पुस्तकं घरोघरी आहेत. शूलपाणीची झाडी, सदावर्तं, काठावरचे आश्रम, सगळं आपल्या ओळखीचं. पण आपण ऐकतो त्या अनुभवकथनांत एक गोष्ट बहुधा दोन ओळींत उरकलेली असते. रात्रीची गाडी पकडली, सकाळी खांडव्याला उतरलो, बसने ओंकारेश्वर गाठलं, संकल्प सोडला. म्हणजे घर आणि काठ यांच्या मधली वाट जणू नव्हतीच! माझं म्हणणं असं, की ही मधली वाट चालण्याचाच भाग आहे. ती हरवली तर काठही आपला राहत नाही.

हे मला सुचलं ते बालाघाटात. बीडचा बालाघाट डोंगर नव्हे, मध्य प्रदेशातला गोंदियाला लागून असलेला जिल्हा. 'बाला' म्हणजे वरचा. घाटावरचा मुलूख म्हणून बालाघाट. पूर्वी हा भाग नागपूरकर भोसल्यांचा, नंतर मध्य प्रांताचा. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ इकडे आला आणि बालाघाट तिकडे राहिला. पोवारी, गोंडी, हिंदी आणि मराठी अशा चारही बोली तिथल्या बाजारात कानावर पडतात.

भूगोल तर मोठा गमतीचा. बालाघाट शहर वैनगंगेच्या काठी. ही नदी भंडाऱ्यावरून खाली जाते, वर्धेला मिळून प्राणहिता होते, पुढे गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला जाते. पण याच जिल्ह्यातल्या बैहरच्या पठारावरून वाहणारी बंजर मात्र उत्तरेला वळते आणि मंडल्याला नर्मदेत मिसळते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस अर्धा पूर्वसमुद्राला आणि अर्धा आमच्या अरबी समुद्राला!

2012 साली कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मेहुण्याच्या लग्नाला मी तिकडे गेलो होतो. मांडवात बैहरकडचे एक निवृत्त मास्तर भेटले. दिवाळीनंतर परिक्रमेला निघणार होते. मी आपला पुस्तकी प्रश्न विचारला, "सुरुवात अमरकंटकहून की ओंकारेश्वरहून?" मास्तर हसले. म्हणाले, "अमरकंटकले कायले जाऊ भाऊ? बंजर घराजवळूनच जाते नं. तिच्या संगतीनं मंडल्याले जाईन, तिथून पुढं माय आहेच." कान्हाच्या अभयारण्यातून पायी जाऊ देत नाहीत, तेव्हा तेवढा भाग ते सडकेने जाणार होते.

परिक्रमा काठावरच्या कुठल्याही ठिकाणाहून सुरू करता येते, हे मला वाचून माहीत होतं. पण काठापर्यंत जाण्यासाठी नदीचीच एक लेक वाटाड्या म्हणून घ्यावी, हे कधी मनात आलं नव्हतं.

परतताना मी मुद्दाम जबलपूरची छोटी गाडी धरली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती सातपुड्यातली नॅरोगेज, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने बांधलेली. नैनपूरला थांबत, सागाच्या रानातून रेंगाळत ती दिवसाचा मोठा भाग घ्यायची. ग्वारीघाट स्टेशनच्या अलीकडे गाडी नर्मदेवरून जाते. डब्यातल्या बायकांनी तिथे हात जोडले, नाणी टाकली. दिवसभर डोंगर उतरून आल्यावर ते पात्र दिसणं आणि झोपेतून उठून बसमधून दिसणं यात फरक आहे. 2015 नंतर ती गाडी गेली. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. तिथल्या लोकांची त्यात सोय झाली, याबद्दल माझी तक्रार नाही. पण लवकर पोचणं म्हणजे चांगलं पोचणं, हे मला मान्य नाही. आता तर परिक्रमाच बसने पंधरा-वीस दिवसांत होते. तिथे पोचणंच उरलं, चालणं गेलं.

जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली चालायला निघाले ते आपल्याच गावाहून. कलाशिक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी तुकड्यातुकड्याने नदी पायाखाली घातली. आम्हां सरकारी कारकुनांना हा मार्ग जवळचा वाटावा. शास्त्रोक्त परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आमच्या खात्यावर अर्जित रजा साठते ती जास्तीत जास्त 300 दिवस. तीही बहुतेकजण निवृत्तीच्या दिवशी रोख करून घेतात. मग चालायचं कधी? तर असंच, घरापासून आणि थोडं थोडं.

आता गोव्याकडे वळतो, कारण खरं दुखणं इथलं आहे. परिक्रमावासी दक्षिण तटाने पश्चिमेला चालत समुद्र गाठतो आणि नावेतून मुख ओलांडून मिठी तलाईला उतरतो. त्या एका समुद्रासाठी माणसं शेकडो मैल चालतात. आमच्या दारात तोच समुद्र आहे. पेडण्याच्या तेरेखोलपासून काणकोणच्या पोळेपर्यंत किनारा शाळेच्या पुस्तकात 105 किलोमीटर. मध्ये शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण अशा नद्या. आठवड्याभराचं चालणं! आणि चालण्याची सवय आम्हाला नाही असंही नाही. आषाढीला इथून दिंड्या पंढरपूरला जातात. 3 डिसेंबरच्या फेस्ताला बेळगाव-सिंधुदुर्गाहून माणसं पायी जुन्या गोव्याला येतात. मग किनाऱ्यानेच आम्ही का चालत नाही?

कारण किनाऱ्यापर्यंतच्या वाटा मिटत चालल्या आहेत. वाळू सगळ्यांची असते, पण माडांच्या कुळागरांतून, वाड्यांच्या मागून तिथे जाणारी पायवाट कुंपणात गेली की त्या वाळूचा उपयोग काय? दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेसाठी लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावं लागलं. 2009 साली निकाल लोकांच्या बाजूने लागला. एका पायवाटेसाठी एवढी वर्षं! आणि सगळ्याच वाटांना भांडणारी माणसं मिळत नाहीत.

ज्या वाटेने कोणी जात नाही ती आधी झुडपांत जाते, मग नकाशातून, मग कोणाच्या तरी मालकीत. आपण गाडी काढून थेट पार्किंगला उतरतो तेव्हा त्या वाटेवरचा आपला हक्क आपणच सोडत असतो. वाट चालण्याने राहते, हे बंजरकाठच्या मास्तरांना कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून सुचवणं एवढंच. नर्मदेला जा, अवश्य जा. पण त्याआधी एका रविवारी पहाटे चपला घालून आपल्या दारातून निघा आणि आज्या-पणज्या ज्या वाटेने दर्यावर जात त्याच वाटेने जा. वाट अडवलेली दिसली तर पंचायतीत विचारा, ग्रामसभेत उभे राहा, लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. अर्जाचं काम कसं चालतं हे मी वीसेक वर्षं टेबलामागून पाहतो आहे. पोचपावती असलेला कागद सहसा हरवत नाही.