त्याच्या जागी आता कोण?

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात नागपूरच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आहे. त्यांची मुलगी बंगाली घरात दिलेली. कोलकात्याला असते. माणसं चांगली, जावई सालस, सासूबाईंचा जाच नाही. मग तक्रार कसली? तर फुटबॉलची!

हंगाम सुरू व्हायच्या आधी महिना-दीड महिना त्या घरात म्हणे दुसरा विषयच नसतो. संध्याकाळी चहाला सासरे, थोरले दीर आणि जावई बसतात आणि ईस्ट बंगाल क्लबातून कोण गेला, कोण आला, यंदा आघाडीला कोण खेळणार, गोलकीपर कच्चा आहे की पक्का, याचा काथ्याकूट रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो. मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी. एकदा आपणही चार शब्द बोलावेत म्हणून ती म्हणाली, "जुना गेला तर गेला. नवा आलाय ना त्याच्या जागी?" झालं! सगळे गप्प. सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि उठून आत गेले. मुलीने रात्री आईला फोन करून रडून घेतलं. भगिनी विचारतात, "मी जावयांना चार शब्द लिहू का?"

लिहू नका, बाई. आधी माझी गोष्ट ऐका, कारण हीच चूक मीही त्याच गावात केली आहे.

1980 सालच्या सुरुवातीला ह्यांची बदली कलकत्त्याला झाली. (तेव्हा कलकत्ताच म्हणत, माझ्या तोंडी अजून तेच येतं.) जादवपूरकडे एका घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहिलो. घरमालकांना मी मेसोमशाय म्हणे, त्यांच्या पत्नीला माशीमा. फाळणीत बारिसालहून नेसत्या कपड्यांनिशी आलेली माणसं ती. मला बंगाली येत नव्हतं, माशीमांना हिंदी बेताचंच. पण स्वयंपाकघराला भाषा लागते थोडीच?

एके दिवशी मेसोमशाय ऑफिसातून आले ते जेवलेच नाहीत. मला वाटलं, कुणी गेलं की काय. चौकशी केली तर कळलं, सुरजित सेनगुप्ता ईस्ट बंगाल सोडून महमेडन स्पोर्टिंगला गेला. एकटा नाही, बरोबर आणखीही बरेच. निम्मा संघ उठून गेल्यासारखंच झालं होतं. मी आपली सहज म्हणाले, "जास्त पैसे मिळाले असतील, गेला. माणूस नोकरी बदलत नाही का?" मेसोमशायांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना उतरून खालीच आले.

थोड्या वेळाने माशीमा वाटीभर पायेश, म्हणजे आपली तांदळाची खीर, घेऊन आल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी मला जे सांगितलं, ते तुमच्या मुलीलाही कुणीतरी सांगायला हवं होतं.

1975 साली शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला पाच-शून्य असं हरवलं होतं. त्यातला पहिला गोल सुरजितचा. माशीमा म्हणाल्या, त्या रात्री मेसोमशाय बारिसाल सोडल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. घर गेलं, नदी गेली, गावाच्या नावापुढे परक्या देशाचं नाव लागलं. आपल्या मुलखाचं नाव छातीवर मिरवणारं एवढं एकच काहीतरी त्यांच्यापाशी उरलं होतं. ते घालून गोल करणारा मुलगा निघून गेला, तर ती नुसती नोकरीची बदली कशी असेल, बोउमा?

बोउमा म्हणजे सूनबाई. मी सून नव्हते, भाडेकरू होते. तरी तसंच म्हणायच्या.

आता गंमत पाहा. हा क्लबच मुळी 'संघात कोण' या भांडणातून जन्मलेला. 1920 च्या जुलैत जोडाबागान क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या पूर्वेकडच्या खेळाडूला संघातून वगळलं. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी रागावून बाहेर पडले आणि 1 ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. एका माणसाला वगळलं म्हणून शंभर वर्षांचं वैर! तेव्हा चहाच्या टेबलावर तीन पुरुष कोण आत, कोण बाहेर यावर तासन् तास बोलत असतील, तर ते रिकामटेकडे आहेत असं समजू नका.

त्या काळी खेळाडूंच्या या फिरवाफिरवीला 'दलबदल' म्हणत. खेळाडूला सुतरकिन स्ट्रीटवरच्या आय.एफ.ए.च्या कचेरीत स्वतः जाऊन सही करावी लागे. मग काय, सहीच्या दिवसापर्यंत दुसऱ्या क्लबाने पळवू नये म्हणून त्याला कुणाच्या तरी घरी नाहीतर हॉटेलात लपवून ठेवत. दाराशी समर्थकांचा पहारा! आपल्याकडे लग्नात नवरदेवाचे जोडे लपवतात, तिथे अख्खा नवरदेवच लपवायचे. (त्या लपवलेल्या पाहुण्यांना चार-चार दिवस जेवू कोण घालत असेल, हा प्रश्न मात्र वर्तमानपत्रात कधी वाचला नाही.)

आज लपवालपवी संपली, करारमदार आले. पण तळमळ तीच. 2024 च्या ऑगस्टमध्ये अन्वर अली हा बचावपटू, जो आधीच्या हंगामात मोहन बागानकडून खेळला होता, ईस्ट बंगालकडे आला. सप्टेंबरात फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, 12 कोटी 90 लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. एक खेळाडू, दोन क्लब आणि हायकोर्ट! तुमच्या मुलीच्या सासरी त्या दिवसांत जेवणं वेळेवर झाली नसतील, हे मी पैजेवर सांगते.

तर 1980 च्या त्या रिकाम्या झालेल्या संघाचं पुढे काय झालं? प्रशिक्षक पी. के. बॅनर्जींच्या हाती उरलेसुरले खेळाडू होते. अशात अलीगढच्या विद्यापीठात शिकणारी इराणी मुलं आली. मजीद बिश्कर, जमशीद नासिरी. वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी वाद. एक म्हणे, ही पोरं कलकत्त्याच्या चिखलात काय खेळणार? दुसरा म्हणे, पायात जादू आहे. मेसोमशाय काहीच बोलत नसत. नव्या सुनेच्या हातची पहिली आमटी चाखताना सासरा जसा चेहरा करतो, तसा चेहरा करून बसत.

त्याच वर्षी फेडरेशन कप ईस्ट बंगाल आणि मोहन बागानला मिळून मिळाला. मजीद तर मेसोमशायांच्या घरचाच झाला. सुरजितचं नाव निघालं की ते अजून गप्प होत, पण मजीदचं निघालं की हात हवेत फिरवून त्याने चेंडू कसा वळवला ते दाखवत. मजीद तिथे जेमतेम दोन हंगाम खेळला. पुढे 2019 मध्ये क्लबाच्या शताब्दीला तो इराणहून आला, तेव्हा भल्या रात्री विमानतळावर शेकडो लोक त्याच्यासाठी उभे होते. बातमी वाचली आणि मला माशीमांचा वरचा मजला आठवला.

पण सगळं गोड गोड सांगून तुमची फसवणूक करायची नाही. त्याच वर्षी 16 ऑगस्टला, शनिवारी, ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांचा सामना होता. मैदानात मारामारी, गॅलरीत चेंगराचेंगरी, आणि 16 माणसं मेली. माशीमांचा धाकटा मुलगा सामन्याला गेलेला. अंधार पडला, रेडिओवर बातमी आली, मुलगा नाही. माशीमा फाटकाशी उभ्या होत्या, मी शेजारी. मेसोमशाय आत-बाहेर करत होते आणि त्या त्यांच्याकडे पाहतही नव्हत्या. रात्री दहा वाजता मुलगा चालत आला, एक चप्पल नाही, शर्ट फाटलेला. माशीमांनी त्याला ताट वाढलं आणि मग आठ दिवस त्या घरात चहाच्या वेळी फुटबॉलचा एक शब्द कुणाला बोलू दिला नाही. नवव्या दिवशी त्यांनीच नवऱ्याला विचारलं, पुढच्या सामन्यात मागे कोण खेळणार? अजूनही दर वर्षी 16 ऑगस्टला तिथे त्या माणसांच्या आठवणीसाठी रक्तदान करतात.

म्हणून म्हणते, ते टेबल वरवर वाटतं तितकं पोरकट नाही. आणि तरीही सासरेबुवांचं उठून जाणं मला मुळीच पटलेलं नाही. परक्या मुलखातून आलेल्या मुलीच्या तोंडून चुकीचा शब्द गेला, तर समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ज्या घराला मुलूख सुटल्याचं दुःख माहीत आहे, त्या घराने तर ते आधी ओळखायला हवं. मजीदला जेवढा वेळ दिला, तेवढा सुनेलाही द्या की!

आता मुलीने काय करावं? फुटबॉल आवडतो असं ढोंग करू नये. ढोंग तिसऱ्या दिवशी उघडं पडतं. पण 'गेला तर गेला' ऐवजी 'त्याच्या जागी आता कोण?' असं विचारून पाहावं. शब्द थोडेच बदलले, पण यात गेलेल्या माणसाची जागा रिकामी आहे हे आधी कबूल केलेलं असतं. मग पाहा, सासरे तासभर बोलतील.

शिवाय हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. साडीवर ब्लाउजपीस जुळवावा तसा खेळाडू आणून चालत नाही. नव्या बाईला आपल्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडेपर्यंत आमटी अळणी होतेच ना? तसा नवा बचावपटू आणि जुना गोलकीपर यांची एकमेकांना सवय व्हावी लागते. कोण पुढे धावणार, कोण मागे थांबणार, हाक कुणी मारायची. हंगामाआधीचे सरावाचे सामने त्यासाठीच असतात. त्यात किती गोल झाले याला फारसा अर्थ नसतो. त्यातून परदेशी खेळाडूंची मर्यादा. 2024-25 च्या हंगामात संघात परदेशी सहा घेता येत, पण मैदानात एका वेळी चारच. मग ते चार कुठे लावायचे, गोल करायला की गोल अडवायला? वाटाण्याएवढ्या पगारात दूध, शाळेची फी आणि दिवाळी बसवणाऱ्या बाईला हे गणित नवं नाही.

आणि घरातल्या भविष्यवेत्त्यांचं सगळंच खरं मानू नये, हेही मुलीला सांगा. 1997 साली मोहन बागानच्या अमल दत्तांनी 'डायमंड' नावाची नवी रचना बसवली होती. हिऱ्याच्या आकारात खेळाडू. गावभर बोलबाला. दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंच्या नावांची जाहीर थट्टाही केली. 13 जुलैला सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर फेडरेशन कपाचा उपांत्य सामना झाला, एक लाख एकतीस हजारांवर माणसं! ईस्ट बंगालने चार-एक असा जिंकला, बायचुंग भुतियाने तीन गोल केले. हिरा तिथेच फुटला. तेव्हा दिरांनी यंदाचा निकाल आजच सांगितला, तर मुलीने 1997 एवढंच म्हणावं. टेबलावर हशा पिकेल.

एक घरगुती सूचना. ईस्ट बंगालच्या घरात जिंकल्यावर हिल्सा, तिकडचा इलिश मासा. मोहन बागानच्या घरात मोठी कोळंबी. सामन्याच्या दिवशी मुलीने चुकूनसुद्धा कोळंबी आणू नये! इलिशला बारीक काटे फार, पहिल्यांदा खाताना बरोबर भात घ्यावा आणि बोलू नये. मोहरीचं तेल आधी धूर येईपर्यंत तापवून, मग किंचित निववून फोडणी केली की त्याचा उग्रपणा मोडतो. आपल्याकडच्या मुलींना हे कुणी सांगत नाही आणि मग त्या महिनाभर अर्धपोटी उठतात.

दुसरं, मुलीने स्वतःचंही काही त्या टेबलावर ठेवावं. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ते घर तिचं नाव जाणतं का? नसेल तर सांगू दे. आणि ईस्ट बंगालचा मुलींचाही संघ आहे, 2024-25 ची भारतीय महिला लीग त्याच मुलींनी जिंकली. त्या संघात कोण आली, कोण गेली, हे तिने पाठ करावं. पुरुषमंडळींना बहुधा त्यातलं निम्मंही ठाऊक नसेल, मग विचारायला तिच्याकडेच यावं लागेल.

आणि बंगाली नववर्षाला, पोइला बैशाखला, तिथल्या क्लबांत 'बार पूजा' असते. आपण दसऱ्याला हत्यारं पुजतो तशी ते गोलच्या खांबांची पूजा करतात. हंगामाचं वेळापत्रक आता पार बदललं, पण पूजेचा दिवस तोच आहे. मी माशीमांबरोबर दोनदा गेले होते. मुलीने सासऱ्यांना स्वतः म्हणावं, "बाबा, मलाही न्या." जावयांना पत्र लिहायचंच असेल तर एवढंच लिहा, की त्या दिवशी तिला सुती साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन न्या. एप्रिलात मैदानावर सावली मिळत नाही, आणि पूजा आटोपली तरी ही माणसं यंदाच्या संघावर बोलत तिथेच दोन तास उभी असतात.