शौर्य दिसते, साखळी दिसत नाही

युद्धाच्या बातम्यांत रुग्णालय म्हटले की जखमी सैनिक आणि बॉम्बहल्ल्यात सापडलेले नागरिक दिसतात. पण त्याच शहरात त्याच दिवशी कोणाला तरी हृदयविकाराचा झटका येतो, एखादे बाळ हृदयाला छिद्र घेऊन जन्मते, कोणाची झडप निकामी होते. हे आजार युद्धविरामाची वाट पाहत नाहीत. म्हणून युद्धकाळातही हृदयशस्त्रक्रिया चालू राहिलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती एकट्या सर्जनच्या धाडसावर चालत नाही, हेही समजून घ्यायला हवे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करातील सर्जन ड्वाइट हार्केन यांनी इंग्लंडमधील रुग्णालयात सैनिकांच्या हृदयात आणि त्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ अडकलेले १३४ तुकडे काढले. त्यांतले १३ थेट हृदयाच्या कप्प्यांत होते. एकही सैनिक दगावला नाही. हृदयाला हात लावायला सर्जन कचरत होते तो हा काळ. ही शौर्यकथा वैद्यकीय विद्यार्थ्यांना आवडीने सांगितली जाते. पण त्या टेबलाभोवती आणखीही काही होते: भरपूर रक्त, भूल देण्याचे सुधारलेले तंत्र आणि नुकतेच हाती आलेले पेनिसिलिन. हे नसते तर हार्केन यांचे कुशल हातही अपुरे पडले असते.

हार्केन यांनी धडधडत्या हृदयावर काम केले. १९५३ मध्ये अमेरिकेत जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हृदय थांबवून, आतून दुरुस्त करणे शक्य झाले. त्याबरोबर आपले परावलंबित्वही वाढले. प्रौढ रुग्णात हे मशीन मिनिटाला चार-पाच लिटर रक्त फिरवते. शरीर थंड केलेले नसेल, तर रक्तप्रवाह थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. वीज गेली, तर आधी बॅटरी, मग जनरेटर. दोन्ही फसले, तर पर्फ्युजनिस्ट हँडल लावून पंप हाताने फिरवतो. दमला की दुसऱ्याने हात द्यायचा.

युक्रेनमध्ये हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये वीजयंत्रणेवर हल्ले झाले आणि कीवच्या हार्ट इन्स्टिट्यूटमधील सर्जननी डोक्याला दिवे बांधून एका मुलाची हृदयशस्त्रक्रिया पूर्ण केली. ते दृश्य जगभर कौतुकाने पाहिले गेले. कौतुक योग्यच होते, पण मुळात तशी वेळ का आली, हा प्रश्न मागे पडला. ८ जुलै २०२४ रोजी कीवच्याच ओखमतदित बालरुग्णालयावर क्षेपणास्त्र आदळले, तेव्हाही तिथे शस्त्रक्रिया चालू होत्या.

शस्त्रक्रियेनंतरही साखळी संपत नाही. धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि वेळोवेळी रक्त तपासावे लागते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. रस्ते बंद, औषधदुकान बंद, प्रयोगशाळा बंद, एवढेच त्याचा जीव घ्यायला पुरते. असा मृत्यू युद्धबळींच्या यादीत येत नाही. सरकारी रुग्णालयात संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले तरुण रुग्ण आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. त्यांचे आयुष्य अशाच एका गोळीवर उभे असते.

कायदा आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने नागरी रुग्णालयांवर हल्ला करण्यास मनाई केली आहे. रुग्णालयाचा वापर शत्रूला अपाय करण्यासाठी होत असेल तरच हे संरक्षण जाते, तेही आधी इशारा देऊन. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाचा ठराव करून याची पुन्हा आठवण दिली. पण रुग्णालय शाबूत ठेवून त्याची वीज आणि पाणी तोडले, तरी आतला रुग्ण मरतोच. डॉक्टरांनी कोणत्याही देशाची बाजू न घेता हे बोलले पाहिजे.

आणि आपण? ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले. असे सराव रुग्णालयाच्या तळघरापर्यंत पोहोचले पाहिजेत. हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने जनरेटर पूर्ण भारावर चालवून पाहावा, डिझेल किती तास पुरेल याची नोंद ठेवावी आणि पंप हाताने फिरवण्याचा सराव पर्फ्युजनिस्टबरोबर परिचारिकांनाही द्यावा. ऑक्सिजनची दुसरी सोय आणि रक्तदात्यांची ताजी यादी तयार असावी. झडपेच्या रुग्णाने निदान महिनाभराच्या गोळ्या घरात ठेवाव्यात आणि आपला डोस कागदावर लिहून खिशात बाळगावा.

यासाठी युद्धच व्हायला हवे असे नाही. पूर आला, वीज गेली, तरी हीच तयारी उपयोगी पडते. टाळ्या सर्जनला मिळतात, मिळू द्या. पण पुढच्या अंदाजपत्रकात जनरेटर, पर्फ्युजनिस्ट आणि रक्तपेढीसाठी पैसे किती ठेवले आहेत, हे आपण सर्वांनी विचारायला हवे.