पाऊस लागण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांची कंबर मोजून घ्या

पाचगणी, भिलार, गोडवली, खिंगर, दांडेघरच्या सर्व रहिवाशांना, विशेषतः साठी ओलांडलेल्यांना कळकळीची विनंती.

१९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी इथे क्षयरोग्यांसाठी बेल एअर हे आरोग्यधाम सुरू केलं. इथल्या हवेवरचा आपला विश्वास तितकाच जुना. छातीच्या रोग्यांना या हवेचा आधार वाटला. पण पोटाच्या आत साठलेल्या चरबीपुढे हवेचं काही चालत नाही. ही चरबी रक्तात असे पदार्थ सोडते की अंगात बारीक दाह कायम चालू राहतो. ना ताप येतो, ना कुठे दुखतं. त्या दाहापायी यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं.

म्हणून लगेच तपासण्यांची महागडी पॅकेजं घेऊ नका. साध्या सर्दीने, हिरड्या सुजल्यानेही सीआरपी वाढतं. आकडा दहाच्या वर गेला, तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा आणि बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. ही तपासणी करायची की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आधी पाच गोष्टी बघा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० किंवा त्याहून जास्त; रक्तदाब १३०/८५, उपाशीपोटीची साखर १००, ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून जास्त; चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या, स्त्रियांत ५० च्या खाली. पाचातल्या तीन जुळल्या की तो मेटाबॉलिक सिंड्रोम. मधुमेह आणि हृदयविकार दोन्हींची वाट तिथूनच जाते.

"माझं वजन वीस वर्षांत हललं नाही," असं आजोबा अभिमानाने सांगतात. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काटा तोच आकडा दाखवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वजनावरून चरबी कळत नाही हे स्वतःवरूनच दाखवलं. २००४ साली त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, होता, चरबी मात्र सहकाऱ्याच्या अंगात नऊ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस!

आशाताई सरकारी फॉर्म आणि टेप घेऊन दारात येतात, त्यांना "मला काय धाड भरलीय" म्हणून परत पाठवू नका. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची कंबर त्या फॉर्मात नोंदवायची असते. रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते.

आपल्याकडे पावसाचे चार महिने धुक्यात चालणं बंद होतं आणि चहा-भजी सुरू होतात. म्हणून आत्ताच टेबललँडच्या सपाटीवर रोज अर्धा तास चाला, पावसात घरातल्या घरात चाला. स्ट्रॉबेरी जरूर खा, तिचा क्रश आणि जॅम पाहुण्यांसाठी ठेवा.

तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळीही दाखवा. अशा काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते.