घरांतील यंत्रें : पोर्ट नवा, केबल जुनी

कै. आजोबांच्या कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें ज्या हार्ड डिस्कवर आहेत ती मध्यंतरीं कटकट वाजूं लागली. तेव्हां सारा संग्रह तातडीनें संगणकावर उतरविणें प्राप्त झालें. आमचे यूएसबी पोर्ट २.० जातीचे, म्हणजे २००० सालच्या मानाचे. त्यांची छापील गति सेकंदास ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबानें ६० मेगाबाइट. पदरीं पडतात पस्तीस-चाळीस. म्हणून चिरंजीवांनीं २००८ सालीं निघालेल्या ३.० जातीचें कार्ड मदरबोर्डावरील रिकाम्या खांचेंत बसविलें. निळे पोर्ट पाहून मंडळी हरखली. आम्ही घड्याळ घेऊन बसलों. दहा गिगाबाइटांच्या फाइलीस पूर्वीइतकींच पावणेपांच मिनिटें ! कार्डास बोल लावण्यापूर्वीं केबल पाहिली. ती जुनीच, आंत चार तारांची, ३.० च्या केबलींत नऊ असतात. (दुकानदार हें आपण होऊन सांगत नाहीं.) नवी लावितांच तीच फाइल दीड मिनिटांत आली. याहून अधिक त्या फिरत्या तबकडीसच झेपत नाहीं, पोर्टाची गति ५ गिगाबिट कां असेना. निजानीज होण्यापूर्वीं संग्रह उतरला. डिस्क अजून वाजतेच आहे.